जुन्या पिकअप वाहनातील निलंबन व दोषनिदान

चाके व धुरे यांना वाहनाच्या सांगाड्याशी लवचिकपणे जोडणाऱ्या यंत्रणेस निलंबन (सस्पेन्शन) असे म्हणतात. वाहनाचे वजन पेलणे, रस्त्याचे धक्के शोषणे आणि चाके रस्त्याला टेकलेली ठेवणे ही तिची तीन मुख्य कार्ये होत. पिकअप हे मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन असून बहुतेक पिकअप वाहनांच्या मागील धुऱ्यावर पोलादी पाट्यांचे निलंबन असते. वाहन जुने झाले की गाडी उसळणे, एका बाजूस कलणे, मागून बसणे, आवाज करणे किंवा तिरकी धावणे अशा तक्रारी उद्भवतात. एकच लक्षण अनेक कारणांनी दिसू शकते. म्हणून भाग बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी करून मूळ दोष ठरवावा लागतो. अंदाजाने केलेली दुरुस्ती खर्चिक ठरतेच, शिवाय काही वेळा ती ब्रेकची परिणामकारकताही कमी करते.

संज्ञा

‘निलंबन’ हा पारिभाषिक शब्द होय. नोकरीतील निलंबनाशी त्याचा संबंध नाही. गॅरेजमधील बोलीत पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याला ‘पाटे’ किंवा ‘कमान’ आणि धक्काशोषकाला ‘शॉकअप’ म्हणतात. पाट्यांच्या जुडग्यातील सर्वांत लांब पट्टी म्हणजे मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून केलेल्या गोल छिद्रांना ‘डोळे’ म्हणतात. डोळ्यांत रबराचे किंवा धातूचे बुश बसविलेले असते. पाट्याचे एक टोक सांगाड्याला थेट जोडलेले असते. दुसरे टोक ‘शॅकल’ या झुलत्या दुव्याने जोडलेले असते, कारण दबताना पाटा लांबतो आणि त्या लांबण्यास वाव द्यावा लागतो. सर्व पट्ट्यांमधून जाणारा मधला बोल्ट म्हणजे सेंटर बोल्ट. जुडगे धुऱ्याशी आवळून धरणारे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट म्हणजे यू-बोल्ट होत.

रचना

पाट्यांचे निलंबन घोडागाड्यांच्या काळापासून चालत आले आहे. पिकअपमध्ये ते टिकून राहिले, कारण ते दणकट, स्वस्त व दुरुस्तीस सोपे आहे. मागील पाटे केवळ वजन पेलत नाहीत. धुऱ्याला जागेवर धरणे, इंजिनाचा रेटा सांगाड्यापर्यंत पोहोचविणे आणि ब्रेक लावताना धुऱ्याला बसणारा पीळ सोसणे हीही कामे तेच करतात. त्यामुळे पाट्यांतील दोष केवळ बसणाऱ्याच्या सुखाशी निगडित राहत नाही. तो गाडीची दिशा व तिचे थांबणे यांवरही परिणाम करतो.

पुढील निलंबनाचे प्रकार अनेक आहेत. जनरल मोटर्सने १९६० च्या पिकअप मालिकेत पुढे पीळदांड्यांचे (टॉर्शन बार) स्वतंत्र निलंबन आणले. फोर्डने १९६५ पासून पुढे दोन आडव्या तुळया व गुंडाळी स्प्रिंगा असलेली रचना वापरली. या दोन्हींत पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ शकते. म्हणून कोणत्याही जुन्या वाहनाची तपासणी करताना त्याच्या पुढील बाजूस कोणती रचना आहे, हे प्रथम पाहावे लागते.

रिकाम्या गाडीचा कडकपणा

पिकअपची सर्वाधिक आढळणारी तक्रार म्हणजे रिकामी गाडी उसळते. ही बहुधा बिघाडाची खूण नसून रचनेचा परिणाम असतो. भल्या पहाटे भाजीपाला भरून बाजार समितीत गेलेली गाडी दुपारी रिकामी परतते, तेव्हा तिच्या मागील पाट्यांवरील भार निम्म्याहूनही कमी झालेला असतो. पाट्यांचा ताठरपणा मात्र पूर्ण भाराच्या हिशेबाने ठरविलेला असतो.

उदाहरणादाखल, मागील पाट्यांवर रिकाम्या गाडीचे ४०० किलोग्रॅम वजन येते आणि त्याने पाटे ४० मिलिमीटर दबतात असे मानू. हूकच्या नियमानुसार दाब भाराच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ७०० किलोग्रॅम माल भरल्यावर, म्हणजे एकूण १,१०० किलोग्रॅम भाराखाली, पाटे ११० मिलिमीटर दबतील. स्प्रिंगवरील वस्तूची नैसर्गिक वारंवारता या दबण्यावरून काढता येते. ती रिकाम्या गाडीत सेकंदाला सुमारे २.५ आंदोलने, तर भरलेल्या गाडीत सुमारे १.५ आंदोलने इतकी येते. प्रवासी मोटारीत ही संख्या साधारणतः १ ते १.५ असते. भरलेली पिकअप मोटारीसारखी सौम्य वाटते आणि तीच रिकामी असताना हाडे खिळखिळी करते, याचे कारण हेच होय.

यावरून निदानाचा पहिला प्रश्न ठरतो : गाडी पूर्वीपासून अशीच होती की अलीकडे तिच्यात बदल झाला? बदल झाला असेल तरच दोष शोधण्यात अर्थ आहे.

लक्षणे आणि संभाव्य कारणे

• धक्क्यानंतर गाडी बराच वेळ झुलत राहणे : शॉकअप निकामी होणे.
• रिकाम्या गाडीचा मागील भाग खाली बसणे : पाट्यांची कमान उतरणे किंवा पाटा तुटणे. शॉकअप बदलून हा दोष जात नाही, कारण साधा शॉकअप वजन पेलत नाही. तो फक्त हेलकावे शमवितो.
• गाडी एका बाजूस कलणे : त्या बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग कमजोर होणे, शॅकल अडकणे, अथवा माल नेहमी एकाच बाजूस भरला जाणे.
• सरळ रस्त्यावर गाडी तिरकी धावणे : सेंटर बोल्ट तुटून धुरा सरकणे.
• खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज होणे : पाटे पूर्ण दबून धुरा रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळणे.
• ‘ठकठक’ आवाज : शॉकअपचे बुश झिजणे किंवा यू-बोल्ट सैल होणे.
• ‘करकर’ आवाज : पाट्यांमधील गंज, कोरडे बुश किंवा कोरडा शॅकल.
• ठरावीक वेगालाच थरथर जाणवणे : चाकांचे असंतुलन किंवा प्रोपेलर शाफ्टमधील दोष.

शेवटचे लक्षण वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. त्रास रस्त्याच्या खडबडीतपणानुसार बदलत असेल तर तो प्रायः निलंबनाचा असतो. गुळगुळीत रस्त्यावरही विशिष्ट वेगाला तो प्रकटत असेल तर फिरणारे भाग तपासावेत.

तपासणीचा क्रम

टायर : निदानाचा आरंभ टायरपासून करावा, कारण येथे काही खर्च नसतो. पूर्ण भारासाठी सांगितलेला हवेचा दाब रिकाम्या गाडीत ठेवल्यास गाडी अकारण कडक होते. उत्पादकाने रिकाम्या व भरलेल्या स्थितीसाठी वेगळे दाब दिले असल्यास ते पाळावेत. टायरची झीजही बोलकी असते. दोन्ही कडा झिजल्यास दाब कमी, मधला भाग झिजल्यास दाब जास्त, एकच कड झिजल्यास चाकांची जुळवणी चुकीची आणि ठिकठिकाणी खळगे पडल्यास शॉकअप कमजोर किंवा चाक असंतुलित असण्याची शक्यता असते.

उंची : सपाट जमिनीवर, योग्य दाबाच्या टायरांवर, प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. चालकाची बाजू व क्लीनर बाजू यांची तुलना करावी. मागील भाग कललेला दिसला तरी दोष पुढील स्प्रिंगमध्ये असू शकतो. अशा वेळी पुढचा भाग सांगाड्याच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून उचलून पाहतात. तरीही मागे कल राहिला तर दोष मागील बाजूस आहे; कल नाहीसा झाला तर तो पुढे आहे. याच वेळी पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. त्यात लक्षणीय तफावत असल्यास धुरा सरकल्याचा संशय घ्यावा.

पाटे : पट्ट्या तारेच्या ब्रशने साफ करून प्रत्येकीची कड निरखावी. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ, डोळ्याजवळ किंवा खालच्या पट्टीचे टोक वरच्या पट्टीवर घासते तेथे आढळतो. पूर्ण भाराखाली पाटा जवळजवळ सरळ होणे स्वाभाविक असते. रिकाम्या गाडीत तो उलट वाकलेला दिसणे हे थकव्याचे चिन्ह होय. पट्ट्यांमध्ये गंज साचला की त्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि न तुटलेला पाटाही कडक होतो.

बुश व शॅकल : पहार लावून हलविल्यास झिजलेल्या बुशातील सैलपणा दिसतो. आवाजाचे ठिकाण सापडत नसल्यास एकेका सांध्यावर पाणी मारून पाहावे. ज्या ठिकाणी पाणी पडताच करकर थांबते, तो सांधा दोषी असतो. रबरी बुशांवर खनिज तेल सोडू नये. त्याने नैसर्गिक रबर फुगते व खराब होते. ग्रीस भरण्याचे निपल असलेल्या धातूच्या बुशांना मात्र नियमित ग्रीस आवश्यक असते.

शॉकअप : गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रचलित परीक्षा पिकअपमध्ये पूर्णपणे विश्वसनीय नाही. पट्ट्यांमधील घर्षणही हेलकावे शमविते, त्यामुळे निकामी शॉकअप लपून राहू शकतो. बाहेर ओघळलेले तेल, वाकलेली दांडी व तुटलेले बुश ही अधिक खात्रीची चिन्हे होत. खडबडीत रस्त्यावर काही किलोमीटर चालवून थांबल्यावर जोडीतील दोन्ही शॉकअप जपून चाचपावेत. काम करणारा शॉकअप गरम होतो. एक गरम व दुसरा थंड असल्यास थंड शॉकअपविषयी संशय घ्यावा. शॉकअप नेहमी जोडीने बदलतात.

पुढील भाग : चाक उचलून वर-खाली व आडवे हलवून बॉल जॉइंट किंवा किंगपिन, बेअरिंग आणि टाय रॉड यांतील सैलपणा तपासतात. पीळदांड्यांच्या रचनेत बोल्ट आवळून गाडीची उंची वाढविता येते, पण त्याने दांडीचा ताठरपणा वाढत नाही किंवा थकवा जात नाही. उंची बदलल्यावर चाकांची जुळवणी पुन्हा करावी लागते.

दुरुस्तीतील नेहमीच्या चुका

जादा पाटा घालणे : मागून बसणाऱ्या गाडीवरील हा सर्वांत प्रचलित उपाय होय. वरील उदाहरणात ताठरपणा एक चतुर्थांशाने वाढविल्यास रिकाम्या गाडीची वारंवारता २.५ वरून सुमारे २.८ होते, म्हणजे मूळ तक्रार आणखी तीव्र होते. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे केवळ १० टक्के जाड पट्टी सुमारे ३३ टक्के अधिक ताठर असते. ‘थोडी जाड’ पट्टी ही थोडीशी गोष्ट नसते. भार वाढल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा हा त्या मानाने सुज्ञ पर्याय होय.

वेल्डिंग : तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे धोकादायक आहे. स्प्रिंगचे पोलाद तापवून विझविण्याच्या प्रक्रियेतून बळकट झालेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगत तो गुण नष्ट होतो आणि पाटा तेथेच पुन्हा तुटतो.

ठोकून कमान देणे : उतरलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते. योग्य उष्णता-प्रक्रिया न केल्यास ती लवकर उतरते. पोलादाचा थकवाही त्याने भरून निघत नाही.

हवेत बोल्ट आवळणे : रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो व ते अल्पावधीत फाटते. पाटे बसविल्यानंतर काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टचा ताण पुन्हा तपासावा.

ब्रेकशी संबंध

काही पिकअप वाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी भारसंवेदी झडप असते. सांगाडा व धुरा यांच्यातील अंतरावरून ती भार ओळखते. अंतर कमी असल्यास गाडी भरलेली समजून मागील ब्रेकला अधिक दाब मिळतो. अंतर जास्त असल्यास तो रोखला जातो. जादा पाटा घालून गाडी उंच केली की भरलेली गाडीही झडपेला रिकामी भासते आणि गरज असताना मागील ब्रेक कमी लागतात. घाटाच्या उतारावर याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. पाट्यांत बदल केल्यास झडपेची जुळवणी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करणे म्हणूनच अत्यावश्यक असते.

सुरक्षितता

केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम स्टँड व जमिनीवरील चाकांना अडण्या लावाव्यात. दाबलेली गुंडाळी स्प्रिंग व पीळ दिलेली दांडी यांत मोठी ऊर्जा साठलेली असते. ती सोडविण्याचे काम योग्य साधनांनी प्रशिक्षित कारागिरानेच करावे. मुख्य पाटा किंवा सेंटर बोल्ट तुटलेला आढळल्यास दुरुस्तीपूर्वी वाहन चालवू नये.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास निर्बंध आहेत. कलम ११३ भारमर्यादेविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पाटे वाढविल्याने वाहनाची नोंदणीकृत भारमर्यादा वाढत नाही. धुरा, टायर, बेअरिंग व ब्रेक हे मूळच्याच क्षमतेचे राहतात.

हे सुद्धा पहा

• हूकचा नियम
• अनुस्पंदन
• ब्रेक
• टायर