कष्टांचे चीज



मराठीत ‘चीज’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेत चांगले गुण मिळाले की आजी म्हणते, ‘पोरीच्या कष्टांचे चीज झाले.’ मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर सँडविचमध्ये दिसते तेही चीजच. पहिला शब्द फारसीतून आला, दुसरा इंग्रजीतून. दोघांचे एकमेकांशी नाते काही नाही. पण ब्रिटनमध्ये शेतावर हाताने चीज करणाऱ्या लहान उत्पादकांची हकीकत वाचली की हे दोन्ही शब्द एकत्र आले हे बरेच झाले, असे वाटते. या अंकात आम्ही त्यांच्या कामाविषयी, त्यांच्या अडचणींविषयी आणि त्यांचे चीज कसे ओळखावे, घ्यावे व खावे याविषयी थोडी माहिती देत आहोत. बडोद्यातील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आज लंडनला किंवा लेस्टरला असते. त्यांना तर ही माहिती थेट उपयोगी पडेल.

चीज तयार कसे होते?

दुधाला विरजण लावणे आणि दही फडक्यात टांगून चक्का करणे आपल्याला नवे नाही. चीजची सुरुवात याच वाटेने होते. कोमट दुधात आधी विरजण घालतात, मग रेनेट नावाचे द्रव्य घालतात. त्याने दूध खरवसासारखे जमते. हा थर सुऱ्यांनी कापला की पिवळसर निवळी सुटते. निवळी काढून टाकतात. उरलेल्या चोथ्याला मीठ लावून तो साच्यात दाबतात आणि थंड, दमट कोठारात मुरायला ठेवतात. सुमारे १० लिटर दुधातून जेमतेम १ किलो कठीण चीज हाती येते.

सॉमरसेट परगण्यातील चेडर या गावाचे नाव तर जगभर झाले. या चीजची खूण अशी की चोथ्याच्या लाद्या कापून त्या एकमेकींवर रचतात आणि पुन्हा पुन्हा उलटतात. त्यामुळे निवळी निथळते आणि चीजला घट्टपणा येतो. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हार्डिंग या सॉमरसेटच्याच शेतकऱ्याने या कामाला स्वच्छतेची आणि तापमानाची शिस्त लावली. जुन्या पद्धतीत सुमारे २५ किलोचे गोल चाक कापडात गुंडाळून वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मुरवतात. कापडातून ओलावा हळूहळू उडतो आणि चव दाट होत जाते. दुकानात मिळणारी चौकोनी वडी बहुधा प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत मुरलेली असते. तिच्यातला ओलावा आतच राहतो, म्हणून ती मऊ आणि एकसारखी लागते.

प्रत्येक गावाची रीत वेगळी असते. लँकाशायर चीज करणारे कर्कहॅम कुटुंब दोन-तीन दिवसांचा चोथा एकत्र करून चीज बांधते. लहान शेतावर एका दिवसाचे दूध पुरत नसे, म्हणून ही युक्ती निघाली. आपल्याकडे चार दिवसांची साय साठवून लोणी काढतात, तसेच हे. पण त्याच युक्तीमुळे त्या चीजला भुसभुशीत, लोण्यासारखा पोत आला. कॉर्नवॉलमधील ‘यार्ग’ चीज अंगाला लागताच आग करणाऱ्या नेटल नावाच्या रानटी झाडाच्या पानांत गुंडाळलेले असते. हे चीज प्रथम करणाऱ्या कुटुंबाचे आडनाव ग्रे होते. त्याची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली की ‘यार्ग’ होते!

ही कला मोडकळीला कशी आली?

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये शेतावर चीज करणारे ३,५०० च्या आसपास होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १०० देखील उरले नाहीत, असा हिशेब सांगतात. याची कारणे दोन.

पहिले कारण दुधाचा बाजार. १९३३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये दूध विक्री मंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याचे दूध हमखास खपू लागले. आपल्या शेजारच्या आणंदला १९४६ मध्ये सहकारी दूध संघ निघाला, तेव्हा दूध उत्पादकाला जसा आधार मिळाला तसाच तिकडेही मिळाला. पण त्याची दुसरी बाजूही होती. दुधाचे पैसे हाती पडत असताना चीजचे सायास करायचे कोणी? अनेक शेतांवरचे साचे माळ्यावर गेले.

दुसरे कारण युद्ध. सरकारने दूध मुख्यतः टिकाऊ, कठीण चीजसाठी वळवले. त्यालाच लोक ‘सरकारी चेडर’ म्हणत. १९४१ मध्ये चीज रेशनवर आले. बराच काळ माणशी आठवड्याला सुमारे २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम चीज मिळे. नोंदणी केलेल्या शाकाहारी माणसांना मांसाऐवजी चीज थोडे जास्त मिळत असे, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. रेशन १९५४ मध्ये संपले, पण तोवर मऊ, भुसभुशीत, गावोगावची चीजे करणारे हात काम विसरले होते. विकत घेणाऱ्यांची एक पिढीही ती चव न चाखताच मोठी झाली होती.

पुन्हा उभारी

पॅट्रिक रान्स नावाचे एक निवृत्त लष्करी मेजर १९५४ पासून बर्कशायरमधील स्ट्रीटली गावात किराणा दुकान चालवत. ते शेतोशेती फिरून उरलेल्या चीजचा शोध घेत आणि दुकानात ते मांडून ठेवत. १९८२ मध्ये त्यांनी ‘द ग्रेट ब्रिटिश चीज बुक’ हे पुस्तक लिहिले. १९७९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात नील्स यार्ड डेअरी हे दुकान सुरू झाले. रँडॉल्फ हॉजसन यांनी तेथे प्रत्येक चीजसोबत ते करणाऱ्याचे नाव सांगण्याची पद्धत रुजवली. १९८९ मध्ये कच्च्या दुधाच्या चीजवर बंदी येण्याचा धोका दिसताच लहान उत्पादकांनी आपली संघटना बांधली आणि ती बंदी टळली.

यॉर्कशायरमधील हॉज गावाची गोष्ट तर मुलांनी जरूर वाचावी. वेन्सलीडेल चीज करणारी तेथील डेअरी १९३० च्या दशकातील मंदीत बुडायला आली होती. १९३५ मध्ये किट कॅल्व्हर्ट यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना गोळा करून ती वाचवली. १९९२ मध्ये त्या वेळच्या मालक कंपनीने ती बंद केली आणि वेन्सलीडेल चीज शेजारच्या लँकाशायरमध्ये करायचे ठरवले. गावाला हे फार लागले. डेअरीतील जुन्या व्यवस्थापकांनी एका स्थानिक व्यावसायिकाच्या मदतीने ती विकत घेतली आणि त्याच वर्षाअखेरीस चीज पुन्हा सुरू केले. पुढे ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ या चित्रपटांतील चीजवेड्या वॉलेसमुळे या चीजचे नाव घरोघरी पोहोचले. २०२१ मध्ये ही डेअरी एका मोठ्या कॅनेडियन कंपनीकडे गेली, पण चीज आजही हॉज गावातच होते.

आजच्या अडचणी

लहान उत्पादकाची खरी अडचण समजायला एक साधा हिशेब पुरे. आज केलेले चेडर वर्षाने विकले जाणार. पण गाईचा चारा, मजुरी, वीज यांचे पैसे आजच द्यायचे. म्हणजे त्याची सगळी पुंजी कोठारातील फळ्यांवर पडून असते.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली. मार्च महिन्यात ब्रिटनमधील हॉटेले बंद झाली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या चीजची मागणी एकाएकी थांबली. टाळेबंदीत यंत्र बंद ठेवता येते, गाय नाही. तिची धार दोन्ही वेळा काढावीच लागते. कठीण चीज थोडे थांबू शकते, पण मऊ चीज काही आठवड्यांत वाया जाते. तेव्हा दुकानदार आणि संघटना यांनी लोकांना घरपोच चीज मागवण्याचे आवाहन केले. अनेकांनी ते ऐकले, म्हणून कितीतरी डेअऱ्या तरल्या.

जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघात माल पाठवताना पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागू लागले. मोठ्या कंपनीला पूर्ण ट्रकमागे एक प्रमाणपत्र जड जात नाही. चार चाके पाठवणाऱ्याला तोच खर्च नफा खाऊन टाकतो. २०२२ मध्ये विजेचे आणि चाऱ्याचे भाव चढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर एका भामट्याने फ्रान्समधील बड्या दुकानासाठी खरेदी करतो असे भासवून नील्स यार्ड डेअरीकडून २२ टन चेडर लांबवले. सुमारे ३ लाख पौंडांचा तो माल होता. दुकानाने मात्र तीनही उत्पादकांचे पैसे पूर्ण चुकते केले. मधला व्यापारी प्रामाणिक असला तर लहान उत्पादक जगतो, हे यातून दिसते.

विकत घेताना

हे चीज स्वस्त नाही. साध्या वडीच्या तिप्पट-चौपट भाव सहज असतो. रोजच्या डब्याला साधी वडी घेणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण महिन्यातून एकदा घ्यायचे असेल, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. थोडेच घ्यावे. १०० ते १५० ग्रॅमचा ताजा कापलेला तुकडा चौघांना चव घ्यायला पुरतो.

२. चांगल्या दुकानात आधी चाखायला देतात. संकोच न करता चाखावे आणि करणाऱ्याचे नाव विचारावे. वेष्टनावर गाय आणि हिरवे कुरण छापलेले असते, त्यावर जाऊ नये. शेताचे किंवा डेअरीचे नाव पाहावे.

३. शाकाहारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीचे रेनेट वासराच्या जठरातून काढतात. बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून केलेले शाकाहारी रेनेटही असते आणि अनेक ब्रिटिश उत्पादक तेच वापरतात. शिवाय चेडरचे कापड चिकटवायला डुकराची चरबी वापरण्याची जुनी रीत आहे. म्हणून दोन्ही गोष्टी विचाराव्यात.

४. काही चीजे न तापवलेल्या दुधाची असतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

५. नावाचा अर्थ समजून घ्यावा. निळ्या शिरांचे ‘स्टिल्टन’ हे नाव डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच, तेही पाश्चराइज्ड दुधाच्या चीजला वापरता येते. स्टिल्टन नावाचे गाव या तिन्हींच्या बाहेर असल्याने तेथे केलेल्या चीजला ते नाव देता येत नाही! आणि नॉटिंगहॅमशायरमध्येच २००६ पासून कच्च्या दुधाचे जे चीज होते, त्याला ‘स्टिचेल्टन’ असे वेगळे नाव घ्यावे लागले.

६. नाताळात सगळेच चीज घेतात. फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये घेतलेला छोटा तुकडाही उत्पादकाला मोलाचा असतो, कारण गाई बाराही महिने दूध देतात.

खाताना

फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नये. तासभर आधी बाहेर ठेवावे. गारठलेल्या चीजला चव लागत नाही. उरलेला तुकडा मेणकागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. कठीण चीजवर थोडी बुरशी आली तर तेवढा भाग जाडसर कापून टाकावा. मऊ चीज मात्र टाकूनच द्यावे. इंग्लंडमध्ये चेडरबरोबर पाव, सफरचंद, मुरवलेला कांदा आणि चटणी खातात. ‘चटणी’ हा शब्द त्यांनी आपल्या देशातूनच नेला. एका वेळी दोन चीजे घ्यावीत, एक साधी वडी आणि एक कापडातले चेडर. आधी वास घ्यावा, मग छोटा घास सावकाश चघळावा. फरक आपोआप कळेल.

आमच्या मते हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कीव येऊन घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो. आवडलेली पुन्हा घेतो. युद्धानंतर ब्रिटनमध्ये चीज करणारे गेले, तसे चव ओळखणारेही गेले होते. करणारे परत आले ते ओळखणारे तयार झाल्यावरच.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

१ लिटर दुधाचे दही लावा. ते रात्रभर फडक्यात टांगा आणि सकाळी चक्का तोला. किती ग्रॅम भरला? निवळी किती निघाली? दुधाची किंमत धरून चक्का किलोला कितीला पडला, ते वहीत मांडा. मग तोच चक्का वर्षभर सांभाळून विकायचा असता तर किती भाव लावला असता, तेही लिहा. दुकानातील भावाशी ताडून पाहा आणि तुमचा हिशेब वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक हिशेब पुढील अंकात छापू. चक्का मात्र घरी श्रीखंडाला द्यावा!