गाण्याची चावी घरातच राहू द्या

आमच्या वस्तीत आज गाणे नाही असे घर नाही. पण गाणे असते कुठे? ते असते कुणाच्या तरी मोबाईलमध्ये. आमच्याच घरचे सांगतो. तळेगाव दाभाडे स्टेशनच्या बाजूला आमचे दोन खोल्यांचे घर. चिरंजीव चाकणला कारखान्यात, पहिली पाळी असली की पहाटेच कंपनीच्या बसला. त्याच्या मोबाईलवरून डेकला ब्लूटूथ जोडून सकाळी गाणी लागायची. तो दाराबाहेर पडला, चार घरे पुढे गेला, की गाणे तुटायचे. मागे राहायची आमची आई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि एक मुका डेक.

आई एकदा म्हणाली, "आरं, गाणं काय डब्यात भरून कामावर न्यायची गोष्ट हाय व्हय?"

या एका वाक्याने आम्ही कामाला लागलो. घरातल्या गाण्याची चावी घरातच राहावी, ती आईच्या हाती असावी आणि खर्च झेपावा, एवढेच आम्हांला हवे होते. हा शोध घेताना पैसे कुठे बुडाले आणि कुठे वाचले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आईला हवी होती ती गाणी कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांची गाणी आज मोबाईलवर सहज मिळतात. परंतु आमचे आप्पा गायन पार्टीत गात असत. हार्मोनियम, ढोलकी आणि सात-आठ माणसांचा कोरस. १९८८ च्या चौदा एप्रिलला रात्री झालेला त्यांचा कार्यक्रम कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेतला होता. ती कॅसेट आमच्या ट्रंकेत होती. आप्पा जाऊन चौदा वर्षे झाली. तो आवाज जगातल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. तो आहे फक्त त्या तपकिरी फितीवर, आणि फीत काही अमर नाही.

ब्लूटूथ आणि रिमोट यांतला फरक

पहिली गोष्ट समजून घ्यावी, कारण सगळे पैसे इथेच वाचतात. ब्लूटूथने गाणे लावले की ते मोबाईलमधून डेककडे जाते. मोबाईल दूर गेला, त्यावर फोन आला किंवा तो बंद पडला, की गाणे थांबते. साधारण दहा मीटर आणि मध्ये एखादी भिंत, एवढीच त्याची मजल.

दुसरी पद्धत वाय-फायची. तिच्यात तीन कामे तीन जागी वाटलेली असतात. गाणी साठवणारा एक, वाजवणारा एक, आणि हुकूम देणारा एक. टॅब्लेट हा फक्त हुकूम देणारा, म्हणजे रिमोट. "हे गाणे लाव" एवढे सांगून तो मोकळा होतो. मग तो बंद केला तरी गाणे चालूच राहते. अट एकच, सगळी यंत्रे घरातल्या एकाच राऊटरला जोडलेली हवीत.

यावरून निघणारा हिशेब असा, की आवाज डेकचा लागणार असल्यामुळे टॅब्लेटचा स्पीकर कसा आहे, त्यात गाणी किती मावतात, त्याचा कॅमेरा कसा आहे, या गोष्टींना फारशी किंमत उरत नाही. दुकानदार मात्र याच गोष्टी पुढे करून पैसे वाढवतो.

आमची चूक

आता आमची चूकही सांगतो. आम्ही बी.कॉम. झालेलो, कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासतो. तरीसुद्धा स्वस्त दिसले म्हणून एका दुकानातून कधी न ऐकलेल्या नावाचा टॅब्लेट चार हजार दोनशे रुपयांना घेतला. पक्के बिल मागितले नाही. दोन महिन्यांत पडद्याच्या डाव्या बाजूला बोट लागेना. दुकानदाराने हात वर केले. बिल नाही म्हटल्यावर आम्ही तरी भांडणार कशाच्या जोरावर?

स्वस्ताईचा हा मोह देशालाही पडला होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा टॅब्लेट दिल्लीत मोठ्या गाजावाजाने आणला. सात इंची पडदा, किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. गरिबाच्या मुलाच्या हातात संगणक यावा हा हेतू चांगलाच होता. परंतु त्याची रॅम होती अवघी २५६ एमबी आणि पडदा बोटाने दाबावा लागणारा. यंत्र मंद चालते ही तक्रार पहिल्यापासून आली आणि ती योजना पुढे बारगळली. स्वस्त वस्तू वापरात आली नाही, तर तीच सर्वांत महाग पडते.

घेताना काय पाहावे

नवा टॅब्लेट घेणे भागच असेल, तर आमच्या मते या गोष्टी पाहाव्यात.

पडदा आठ इंचांपेक्षा लहान नको. म्हाताऱ्या माणसाला अक्षर दिसले पाहिजे आणि बोट चुकता कामा नये. दहा इंची असला तर उत्तम, पण तो जड असतो, मांडीवर धरायला कंटाळा येतो.

रॅम तीन जीबी, जमल्यास चार. त्याहून कमी असली तर आज चालेल, पण दोन वर्षांनी रडवील.

सिमकार्डाची सोय असलेला टॅब्लेट महाग असतो. रिमोट घराबाहेर जाणारच नसेल तर सिम कशाला? फक्त वाय-फायचा घ्यावा.

वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असावा. दाट वस्तीत २.४ च्या पट्टीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी असते, आणि मग हुकूम उशिरा पोचतो. पण ५ ची पट्टी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, म्हणून दोन्ही असलेल्या बऱ्या.

चार्जिंगचे तोंड टाईप-सी असावे. अँड्रॉईडची आवृत्ती शक्य तितकी अलीकडची असावी आणि कंपनी अजून सुरक्षेचे अपडेट देते का, हे विचारावे. दुरुस्ती केंद्र पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.

नामांकित कंपनीचा साधा टॅब्लेट दहा हजारांच्या आसपास पडतो. हप्त्यावर घ्यायचा मोह होतो. "बिनव्याजी" हप्ता असे लिहिलेले असले तरी प्रोसेसिंग फी किती, त्यावर कर किती, आणि रोख दिले तर सूट किती मिळाली असती, हे तिन्ही आकडे कागदावर मांडून बेरीज करावी. करमणुकीच्या वस्तूसाठी हप्ता काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात मुलांची फी पहिली.

जुना टॅब्लेट घ्यायचा असेल तर मूळ बिल मागावे. आधीच्या मालकाचे गुगल खाते समोरच काढायला लावावे, नाहीतर यंत्र कुलूपबंद होऊन बसते. सिमचा टॅब्लेट असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासता येतो, ही सोय २०२३ पासून आहे. चोरीचा माल अंगाला चिकटला तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या गरिबालाच घालाव्या लागतात.

कपाटातले उत्तर

एवढा अभ्यास करून आम्ही पैसे जमवू लागलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या ऑनलाईन शाळेचा टॅब कुठे आहे?"

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आल्या. त्या वर्षी अनेक घरांनी पोटाला चिमटा काढून मुलांसाठी टॅब्लेट घेतले. आम्हीही घेतला होता. शाळा उघडल्या आणि तो कपाटात साड्यांखाली गेला. आठ इंची, तीन जीबी रॅमचा. पडद्याला एका कोपऱ्यात चीर, पण यंत्र ठणठणीत. आम्ही बाजारभर जे शोधत होतो ते घरातच पडून होते. वाचकहो, आधी आपले कपाट उघडा, मग दुकानाची पायरी चढा.

जुन्या यंत्राची एक काळजी मात्र घ्यावी. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली तर ते वापरू नये, चार्जिंगलाही लावू नये. चांगला असला तरी चोवीस तास चार्जरला टांगून ठेवू नये. वीज किती लागते म्हणाल, तर पाच हजार एमएएचची बॅटरी रोज पूर्ण भरली तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही.

जोडणी

वाजवणारा म्हणून चिरंजीवांचा जुना मोबाईल घेतला. त्याची काच फुटलेली, पण बाकी शाबूत. तो साध्या ऑक्सच्या वायरने डेकला जोडला. त्यात 'कोडी' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घातले. त्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेस, तिथे कंट्रोल, आणि तिथे एचटीटीपीवरून रिमोट चालवायची परवानगी द्यावी लागते. नाव आणि पासवर्ड ठेवावा. मग टॅब्लेटवर 'कोरे' हे त्याचेच रिमोट घातले, तेही फुकट. दोन्ही यंत्रे एका राऊटरवर आली की एकमेकांना ओळखतात. आम्हांला एक रविवार लागला. मुलीला तासभर पुरला असता, पण आम्ही मध्ये मध्ये हात घालत होतो.

गाणी मोबाईलच्या मेमरी कार्डात ठेवली. हिशेब सोपा आहे. साठ मिनिटांची कॅसेट १२८ च्या दराने एमपीथ्री केली तर सुमारे ५८ एमबी होते. आमच्या ट्रंकेतल्या ३१ कॅसेट मिळून १.८ जीबी. सोळा जीबीच्या कार्डात त्या मावून भरपूर जागा उरली.

कॅसेट उतरवायला टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसावे, फीत एकदा पुढेमागे फिरवून सैल करावी, टेपचे हेडफोनचे तोंड वायरने संगणकाला जोडावे आणि 'ऑडॅसिटी' या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यावे. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्याला घाईचा उपाय नाही. झाल्यावर दोन प्रती करून दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, महिन्याची वर्गणी भरली की सगळी गाणी मिळतात. वर्गणी जरूर भरावी, ज्याला झेपेल त्याने. परंतु महिना सव्वाशे धरले तरी वर्षाचे दीड हजार झाले, आणि ते भाडे आहे, मालकी नव्हे. 'विंक म्युझिक' ही मोठ्या कंपनीची सेवा होती, २०२४ मध्ये ती बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी तिथे आवडीच्या याद्या जमवल्या होत्या त्यांना नवे घर शोधावे लागले. आप्पांचे गाणे तर कोणत्याच भाड्याच्या घरात नव्हते.

पुण्यात सिंबायोसिसच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात बाबासाहेबांचे व्हायोलिन जपून ठेवलेले आहे. एवढ्या कामाच्या रगाड्यातही त्यांनी ते शिकायला घेतले होते. गाणे ही चैन नव्हे, माणसाची गरज आहे, हे ते वाद्य पाहिले की पटते. मोठ्यांचे वाद्य संग्रहालय जपते. आपल्या बापाचा आवाज आपणच जपायचा.

दुपारची गोष्ट

आईला वाचता येते ते थोडेच. म्हणून मुलीने टॅब्लेटचे कुलूप काढले, अक्षरे मोठी केली, आणि आप्पांच्या गाण्यांच्या फोल्डरमध्ये त्यांचा फोटो घातला. आता यादी उघडली की फोटो दिसतो. त्यावर बोट ठेवले की डेकवर गाणी सुरू होतात.

पहिल्या दिवशी आई हात लावायला घाबरली. "मोडंल," म्हणाली.

नात म्हणाली, "आजी, तू मोडलास तर मी दुरुस्त करीन. लाव तू."

त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही अर्धी रजा टाकून लोकलने घरी आलो. कुणी घरी नव्हते, पत्नी कामावर, मुलगी कॉलेजात, चिरंजीव चाकणला. दाराशी चपला काढताना आत ढोलकी वाजत होती आणि आप्पा गात होते. मध्ये कुणाचे तरी खोकणे, मागे एका मुलाचे रडणे, सगळे तसेच भरलेले. आई भिंतीला टेकून धान्य निवडत होती. आम्हांला पाहून तिने सूप खाली ठेवले नाही, की काही बोलली नाही. ते कडवे संपल्यावर एवढेच म्हणाली, "त्या रडणाऱ्या पोराचा आवाज वळकीचा हाय. तो तू हायेस."

आम्हांला हे ठाऊक नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही ट्रंकेत, माळ्यावर एखादी कॅसेट असेल. तिच्यावर कुणाच्या आजोबांचे गाणे असेल, कुणाच्या आत्याची ओवी असेल, कुण्या कार्यकर्त्याचे भाषण असेल. प्रत्येक वस्तीत चालता टेपरेकॉर्डर असलेले एक घर आणि संगणक येणारे एक मूल सापडतेच. एखाद्या रविवारी दोघांना एकत्र बसवा. एका रविवारी चार-पाच कॅसेटी सहज होतील. टॅब्लेट नवा घ्यायचा की जुना, हे नंतर ठरवता येईल. फीत मात्र थांबणार नाही.