गच्चीवरून उतरलेलं इंटरनेट

हैदराबादच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या अरुंद गल्लीत फायबरची केबल पोचलीच नाही. मुलीचा अभ्यास, माझं ऑफिसचं काम, आईचे पुण्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल, सगळा भार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. शेवटी आम्ही 'एअरफायबर' घेतलं.

याची रचना सोपी आहे. टॉवरचा फाइव्ह-जी सिग्नल गच्चीवरचा अँटेना पकडतो आणि एका केबलने तो घरातल्या वायफाय राउटरपर्यंत येतो. रस्ता खोदावा लागत नाही. जिओने ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, आठ शहरांत सुरू केली. त्यांत पुण्याबरोबर आपलं हैदराबादही होतं. कल्पना मात्र जुनी. आयआयटी मद्रासच्या १९९० च्या दशकातल्या 'कॉरडेक्ट' यंत्रणेवर घरात बिनतारी फोन आणि ३५ ते ७० केबीपीएस वेगाचं इंटरनेट मिळे. जिओचा सुरुवातीचा सर्वांत स्वस्त प्लॅनच ३० एमबीपीएसचा होता!

घरात असले निर्णय आपल्याच पिढीवर येतात, म्हणून थोडं सांगते. अँटेना आणि टॉवर यांमध्ये उंच इमारत किंवा दाट झाड नको. एकच टॉवर अनेकजण वापरतात, म्हणून वेग दुपारी नव्हे, रात्री नऊला तपासा. वीज गेली की अँटेना आणि राउटर दोन्ही बंद पडतात, त्यामुळे दोन्ही इन्व्हर्टरवर जोडा. महिन्याची डेटामर्यादाही आधीच विचारा.

फायबर दारात आलं असेल, तर तेच घ्या. नसेल, तर त्याची वाट पाहत मुलांचा अभ्यास अडवू नका.