टेनिसमध्ये कोण जिंकणार? सानियाच्या २००५ सालातून समजून घेऊ अंदाजाचं गणित

ग्रँड स्लॅम स्पर्धा सुरू झाली की मोबाइलवर 'आज कोण जिंकणार' अशा पोस्टचा पाऊस पडतो. कुणी क्रमवारी बघून सांगतं, कुणी नुसत्या नावावरून. काही जण तर 'पक्की टिप' म्हणत थेट पैसेच लावायला सांगतात. खरंच सामन्याचा अंदाज बांधता येतो का? येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा कुठे असते ते बघायला लांब जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या हैदराबादच्या सानिया मिर्झाचं २००५ साल पुरेसं आहे.

आधी ड्रॉ बघा

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेतेपदासाठी सलग सात सामने जिंकावे लागतात. त्यातले ३२ जण मानांकित. ते पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांसमोर येणार नाहीत, अशी ड्रॉची मांडणी असते. पहिला आणि दुसरा मानांकित तर थेट अंतिम फेरीतच भेटू शकतात. बाकीच्यांचं मात्र चिठ्ठी निघेल तसं.

हे नशीब किती महत्त्वाचं? २००४ मध्ये हैदराबादच्या डब्ल्यूटीए स्पर्धेत सानिया पहिल्याच फेरीत निकोल प्रॅटकडून हरली. पुढे प्रॅटनेच ती स्पर्धा जिंकली. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सानिया तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सकडून ६-१, ६-४ अशी हरली आणि सेरेनाही पुढे विजेती ठरली. म्हणून 'लवकर हरली' एवढंच बघू नका, कुणाकडून हरली तेही बघा.

क्रमवारी मागचं सांगते

जागतिक क्रमवारी ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते. वर झपाट्याने येणारा खेळाडू त्यात उशिरा दिसतो. सानिया त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर खेळली होती. पण महिन्याभरात, १२ फेब्रुवारी २००५ रोजी, तिनं हैदराबादेत घरच्या प्रेक्षकांसमोर युक्रेनच्या अलोना बोंडारेन्कोला ६-४, ५-७, ६-३ असं हरवलं. डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा वय होतं १८. नुसती क्रमवारी बघणाऱ्याला हे आधी दिसलं नसतं. मेलबर्नचे सामने ज्यांनी बघितले होते, त्यांना थोडीफार कुणकुण लागली असेल.

कोर्ट कोणतं, हे विसरू नका

लाल मातीवर चेंडू संथ येतो आणि उंच उसळतो, त्यामुळे रॅली लांबतात. गवतावर तो खाली राहतो आणि सुसाट निघतो, तिथं चांगल्या सर्व्हिसला जास्त भाव. हार्ड कोर्ट या दोन्हींच्या मधलं.

आता हे उदाहरण बघा. हैदराबादनंतर काही आठवड्यांतच दुबईच्या हार्ड कोर्टवर सानियानं तेव्हाची यूएस ओपन विजेती स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला ६-४, ६-२ असं हरवलं. जूनमध्ये विम्बल्डनच्या गवतावर, दुसऱ्या फेरीत, त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. या वेळी कुझनेत्सोव्हा ६-४, ६-७, ६-४ अशी जिंकली. 'मागच्या वेळी सरळ सेटमध्ये हरवलं होतं' म्हणून ज्यांनी सानियाला पक्कं धरलं, त्यांचा अंदाज चुकला. एकाच सामन्यावरून, तेही वेगळ्या कोर्टवरच्या, निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं.

टक्क्यांचं गणित

समजा, एखादी खेळाडू इतकी तगडी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के. मग स्पर्धा जिंकण्याची शक्यता किती? ८० टक्के नाही. सात वेळा गुणाकार केला की ती येते साधारण २१ टक्के. प्रत्येक सामन्यात ९० टक्के धरली तरी एकूण ४८ टक्केच. म्हणजे सगळ्यात आवडती खेळाडूही स्पर्धा हरण्याचीच शक्यता जास्त!

पुरुषांच्या ग्रँड स्लॅम एकेरीत पाच सेटचा सामना असतो, त्यामुळे सरस खेळाडूला सावरायला वेळ मिळतो. महिलांच्या तीन सेटमध्ये एक वाईट अर्धा तास महागात पडू शकतो. तरीही दर्जातला फरक मोठा असला की तो दिसतोच. त्याच वर्षी सानियानं यूएस ओपनची चौथी फेरी गाठली, भारतीय महिलांमध्ये एकेरीत पहिल्यांदाच. तिथं मारिया शारापोव्हानं तिला ६-२, ६-१ असं हरवलं. तो अंदाज बहुतेकांचा बरोबर आला असणार.

'पक्की टिप' म्हणजे काय?

आता पैशांचं बोलू. बरोबरीच्या सामन्यात सट्टेवाला दोन्ही बाजूंना १०० रुपयांवर १९० रुपये देतो असं धरा. दोघांनी दोन बाजूंना शंभर-शंभर लावले, तर त्याच्याकडे आले २०० आणि त्यानं दिले १९०. कुणीही जिंको, १० रुपये त्याचेच. वर टिप देणाऱ्याचं काही जात नाही, जातात ते लावणाऱ्याचे. तेलंगणानं २०१७ मध्येच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनंही असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांच्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे राहिल्यानं यात सूट मिळत नाही.

अंदाजाची हौस असेल तर ती बिनपैशाची करा. सामन्याआधी वहीत नाव लिहा, शेजारी टक्के लिहा: ६०, ७०, जे वाटेल ते. स्पर्धा संपली की मोजा. ज्यांना ७० टक्के दिले होते, त्यातले दहापैकी सातच्या आसपास जिंकले असतील तर तुमची नजर चांगली. दहाच्या दहा बरोबर सांगतो म्हणणारा भेटला, तर त्याला त्याची वही दाखवायला सांगा.