सेटअप फाईल कुणासाठी?

आयकर विवरणपत्र भरण्यासाठी खात्याच्या संकेतस्थळावरून जो प्रोग्राम डाऊनलोड करावा लागे, तो २०२१ पर्यंत दोन रूपांत मिळायचा. एक एक्सेलची फाईल, दुसरा जावामध्ये लिहिलेला प्रोग्राम. जावाचा प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये नवी दिल्लीतल्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हे दोन्ही थांबवून नवा प्रोग्राम आणला. त्याच्या सूचनापत्रात संगणकाची अट होती: विंडोज ७ किंवा त्यापुढची आवृत्ती. एक्सेलची फाईल पुढे परत आली, तीही विंडोजवरच्या एक्सेलसाठी. लिनक्स आणि मॅकवाल्यांनी थेट ब्राउझरमध्ये विवरणपत्र भरावं, एवढाच मार्ग खात्याकडून उरला.

ही बातमी कुठे मोठ्या मथळ्यात आली नाही. पण दिल्लीत बसून देशभरासाठी सॉफ्टवेअर काढणाऱ्यांच्या कामातला एक कळीचा निर्णय तिच्यात आहे. प्रोग्राम लिहून झाला म्हणजे तो लोकांपर्यंत पोचला असं नाही. तो लोकांच्या संगणकावर बसवणारा इन्स्टॉलर वेगळा तयार करावा लागतो, आणि प्रत्येक प्रणालीसाठी निराळा. कुठल्या प्रणालीसाठी तो करायचा हे ठरवताना कुणाला आत घ्यायचं हेही ठरत असतं.

विंडोजवर इन्स्टॉलर फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो आणि पुढे काढून टाकायची सोयही त्यालाच करावी लागते. त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसेल तर विंडोज इशारे दाखवून वापरणाऱ्याला अडवतं. जून २०२३ पासून ही सही करण्याची किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. मॅकची शिस्त आणखी कडक. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून बाहेरून घेतलेला प्रोग्राम आधी ॲपलकडे पाठवून तपासून घ्यावा लागतो, नाहीतर मॅक तो सहजासहजी उघडू देत नाही. त्यासाठी ॲपलचं सदस्यत्व लागतं, वर्षाला ९९ डॉलरचं.

लिनक्सचं दुखणं निराळं. उबंटू आणि डेबियनला ‘डेब’ पॅकेज लागतं, फेडोराला ‘आरपीएम’. शिवाय नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर चालेलच असं नाही, कारण खालची मूळ लायब्ररीच जुनी असते. म्हणून जाणते लोक मुद्दाम जुन्या आवृत्तीवर बांधणी करतात, किंवा लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या प्रोग्रामसोबतच भरून देतात. मग फाईल फुगते. जावाने हा सगळा ताप वाचवायचं वचन दिलं होतं, पण वापरणाऱ्याकडे नेमकी लागणारी आवृत्ती असायला हवी. आयकराच्या प्रोग्रामला जावा ८ लागे, आणि ती कुठून घ्यायची, कशी बसवायची, हे पगारदार माणसाला कोण सांगणार?

याहून अवघड प्रकरण वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डिजिटल सहीचं आहे. जीएसटीचं संगणकीय जाळं सांभाळणाऱ्या जीएसटीएनचं कार्यालय दिल्लीच्या एरोसिटीत आहे. कंपन्यांना जीएसटीची विवरणपत्रं डिजिटल सहीने द्यावी लागतात. सहीची किल्ली एका यूएसबी टोकनमध्ये असते आणि ती बाहेर काढता येत नाही. पूर्वी ब्राउझरमधलं जावा ॲपलेट त्या टोकनशी थेट बोलत असे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने त्या जुन्या प्लगइनांना कायमचं बंद केलं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तेव्हापासून वेगळी तोड निघाली: एक लहानसा प्रोग्राम तुमच्याच संगणकावर पाठीमागे चालू ठेवायचा, ब्राउझरने त्याच्याशी बोलायचं आणि त्याने टोकनशी. जीएसटीसाठी हे काम ईएमसाइनर करतो, आणि तो तिन्ही प्रणालींसाठी ठेवलेला आहे, हे मुद्दाम सांगायला हवं.

आता पूर्व दिल्लीतल्या लक्ष्मीनगरच्या एखाद्या सीएच्या कचेरीत काय घडतं ते पाहा. सही होत नाही. आर्टिकलशिप करणारा मुलगा ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:१५८५ असा पत्ता टाकतो. पडद्यावर लाल त्रिकोण येतो, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’. तो ‘ॲडव्हान्स्ड’ दाबतो, ‘प्रोसीड’ दाबतो, परत जीएसटीच्या पानावर येतो, पिन टाकतो. सही होते. हा पत्ता म्हणजे त्याचाच संगणक, आणि १५८५ हे सही करणाऱ्या प्रोग्रामचं दार. इशारा येतो, कारण त्या प्रोग्रामचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासू यादीत नसतं.

हे प्रमाणपत्र यादीत घालणं हे इन्स्टॉलरचंच काम, आणि इथे तीन प्रणालींचे तीन नियम आडवे येतात. विंडोजची यादी एके ठिकाणी, मॅकची कीचेनमध्ये. लिनक्सवर प्रणालीची यादी एकीकडे आणि ब्राउझरची भलतीकडे. फायरफॉक्स तर स्वतःची वेगळीच यादी बाळगतो. प्रत्येक जागी ते नीट घालणं आणि प्रोग्राम काढताना तितक्याच नीटपणे काढून घेणं कष्टाचं असतं, म्हणून ते वापरणाऱ्यावर ढकललं जातं. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे: ज्या कचेऱ्यांत हजारो लोकांचे पॅन आणि बँक खाती असतात, तिथल्या मुलांना आपण लाल इशारा दिसला की ‘पुढे जा’ दाबायला शिकवतो आहोत. उद्या खराखुरा इशारा आला तरी बोट तिथेच जाणार.

टोकनचा ड्रायव्हर हा आणखी एक अडथळा. त्याची फाईल विंडोजवर ‘डीएलएल’, लिनक्सवर ‘एसओ’, मॅकवर ‘डायलिब’. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली. इंटेलसाठी बांधलेली ‘डायलिब’ नव्या चिपसाठी बांधलेल्या प्रोग्रामला आत घेताच येत नाही. म्हणजे सही करणारा प्रोग्राम नवा, मॅक नवा, टोकन धडधाकट, आणि मधली एक फाईल जुनी म्हणून सगळं ठप्प.

खर्च वाढतो हा आक्षेप खरा आहे. तीन प्रणाली म्हणजे तीनदा बांधणी, तीनदा तपासणी, आणि मदत केंद्रावर तीन तऱ्हेचे प्रश्न. पण लिनक्सवाले मूठभर हौशी लोक आहेत, हे आता म्हणवत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस प्रणाली डेबियनवर उभी आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आणलेली माया प्रणाली उबंटूवर. नीट जुन्या पायावर बांधलेलं एकच ‘डेब’ पॅकेज या सगळ्यांपर्यंत जाऊ शकतं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं आहे. सरकारी यंत्रणेने मुक्त सॉफ्टवेअर वापरावं असं म्हणायचं आणि नागरिकाच्या हाती मात्र फक्त विंडोजचा सेटअप द्यायचा, हे जुळत नाही.

आयकर खातं एक गोष्ट चांगली करतं. विवरणपत्राच्या जेसन फाईलचा आराखडा आणि तपासणीचे नियम ते संकेतस्थळावर खुले ठेवतं, त्यामुळे खात्याच्या प्रोग्रामशिवायही कुणालाही स्वतःचा प्रोग्राम लिहिता येतो. सहीच्या प्रोग्रामांनाही हेच लागू करायला हवं. ब्राउझर आणि टोकन यांच्यामधल्या बोलण्याचा एकच खुला नियम देशभर असावा. लोधी रोडवर डिजिटल सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या नियंत्रकांचं कार्यालय आहे, हे काम त्यांच्या अखत्यारीत बसतं. आणि निविदा काढताना त्यात एवढं तरी लिहावं: इन्स्टॉलर तिन्ही प्रणालींवर तपासलेला, सही केलेला, आणि स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः बसवणारा व काढणारा असेल तरच बिल मंजूर होईल.