कवटीवरचा हलका हात

रुग्ण टेबलावर उताणा पडलेला असतो. उपचार करणारा त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही तळहातांत कवटी धरतो: तर्जन्या कानशिलांजवळ, करंगळ्या डोक्याच्या मागच्या हाडावर, अंगठे जवळजवळ अधांतरी. मग बराच वेळ बघणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही. चोळणं नाही, चेपणं नाही, मान कडकन मोडणं तर नाहीच. याच शाखेतून पुढे निघालेल्या क्रेनिओसॅक्रल थेरपीत बोटांचा दाब पाच ग्रॅम सांगतात. अमेरिकेतलं निकेलचं नाणं तेवढ्याच वजनाचं असतं. क्रेनियल ऑस्टिओपॅथी नावाचा हा उपचार इंग्लंड-अमेरिकेत आणि युरोपात बरीच वर्षं चालू आहे. मोठी माणसं अर्धशिशी, मानदुखी, जबड्याचं दुखणं घेऊन येतात. आईबाप रडून रडून घर डोक्यावर घेणारी तान्ही बाळं घेऊन येतात. इतक्या हळुवार उपचाराशी भांडायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. हळुवारपणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या बोटांना जे जाणवतं म्हणतात ते तिथे असतं का, आणि नसलं तर ते त्या बोटांना कधी कळणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल. त्याने १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. तिथे शिकणाऱ्या विल्यम गार्नर सदरलँडने १८९९ च्या सुमारास सुटी करून मांडलेली एक कवटी पाहिली. कानाजवळच्या हाडाची कड तासून उतरती केल्यासारखी असते आणि ती वरच्या हाडावर चढून बसते. सदरलँडला ती माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली. कल्ले श्वासासाठी उघडमीट करतात, तेव्हा हीही हाडं कसल्यातरी श्वासासाठीच हलत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे त्याने पट्टे आणि शिरस्त्राणासारखी साधनं बनवून स्वतःच्याच डोक्यावर दाब देऊन पाहिला आणि काय होतं त्याच्या नोंदी ठेवल्या. १९३९ मध्ये त्याचं ‘द क्रेनियल बोल’ हे छोटं पुस्तक आलं. मेंदूची स्वतःची हालचाल, मेंदूभोवतीच्या द्रवाची भरती-ओहोटी, आवरणांचा ताण, कवटीच्या हाडांची हालचाल आणि पाठीच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीची हालचाल, अशा पाच गोष्टी मिळून एक लय चालते, असा हा सिद्धान्त. लय मिनिटाला साधारण दहा ते चौदा वेळा येते, ती नाडीहून आणि श्वासाहून वेगळी असते, आणि सरावलेल्या हाताला ती लागते. माणूस चिकाटीचा होता, यात शंका नाही. पण प्रयोग करणारा, ज्याच्यावर प्रयोग झाला तो आणि निकाल देणारा, तिघेही एकच होते.

हाताने रोग ओळखणं वैद्यकात मुळीच हलकं मानलेलं नाही. अठराव्या शतकात लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतलं पाणी ओळखायची रीत काढली. १७६१ मध्ये ती छापली. पण त्याची रीत टिकली ती शवविच्छेदनामुळे. छाती उघडली की पाणी किती, कुठवर, हे दिसे आणि बोटाने सांगितलेलं खरं की खोटं ते ठरे. बाळ पायाळू आहे असं पोट चाचपून सांगणाऱ्या सुईणीचंही तेच. तिची चूक बाळंतपणाच्या दिवशी उघडी पडायचीच, आता सोनोग्राफीत आधीच पडते. चूक पदरात पडते म्हणून हात सुधारतो. कवटीवरच्या हाताला असा दिवस उगवतच नाही. लय लागली म्हणणाऱ्याला ‘नाही, ती इथे नव्हती’ असं सांगणारं पलीकडे कुणीच नसतं. तीस वर्षांचा अनुभव म्हणजे मग तीस वर्षं न तपासलेली खात्री एवढंच उरतं.

तपासायची एक सोपी वाट मात्र आहे. एकच डोकं दोघांच्या हाती द्यावं आणि आकडे जुळतात का पाहावं. १९९४ मध्ये अमेरिकेत या तंत्रात मुरलेल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी बारा जणांची लय मोजली. आकड्यांमध्ये ताळमेळ जवळपास शून्य निघाला. २००१ मध्ये मोरान आणि गिबन्स यांच्या अभ्यासात दोन ऑस्टिओपॅथ एकाच माणसाच्या डोक्याशी आणि त्रिकास्थीशी एकाच वेळी बसले. सिद्धान्ताप्रमाणे दोघांना एकच लय लागायला हवी होती. ती लागली नाही. २००६ मध्ये सशांच्या कवटीवर पाच ते वीस ग्रॅमचा ताण देऊन पाहिला, तर ना सांधा हलला, ना आतला दाब बदलला.

यावर जाणकारांचं उत्तर असं, की कवटीचे सांधे मोठेपणीही पूर्ण बुजलेले नसतात आणि मेंदूभोवतीचा द्रव हलतो हे एमआरआयमध्ये दिसतं. दोन्ही खरं आहे. तो द्रव हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर पुढेमागे होतो. झोपेत त्याच्या संथ लाटाही येतात. पण घरातल्या भिंतीमागे नळातून पाणी वाहतं म्हणून भिंतीवर हात ठेवणाऱ्याला ते वळवता येतं असं होत नाही. शिवाय हृदय आणि श्वास यांच्याहून ही लय वेगळी आहे, हाच तर मूळ दावा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठ्यांना मनाच्या समजुतीने बरं वाटेल, पण दीड महिन्याच्या बाळाला कसली समजूत? पोटशुळाचं रडणं बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आईबाप अगदी जेरीला येऊन दवाखाना गाठतात तेव्हा ते बहुतेक त्या टिपेवरच असतात; पुढे काहीही केलं तरी उतारच लागतो. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये अठ्ठावीस बाळांवर अभ्यास झाला. उपचार घेतलेल्या बाळांचं रडणं बरंच जास्त कमी झालं, पण रडण्याची वही लिहीत होते आईबापच, आणि आपल्या बाळाला उपचार मिळतोय की नाही हे त्यांना ठाऊक होतं. २०११ चा ब्रिटिश अभ्यास याहून बोलका आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १४२ मुलांपैकी निम्म्यांना सहा महिने हा उपचार दिला. कुणाला उपचार मिळाला हे माहीत नसलेल्या तपासनिसांना मुलांच्या हालचालीत काही फरक दिसला नाही. पालकांना मात्र दिसला: मूल एकंदरीत सुधारलं असं सांगणारे पालक उपचाराच्या गटात दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होते. समजूत बाळाची नसली तरी त्याला कडेवर घेणाऱ्याची असतेच.

उलट बाजूचाही एक पुरावा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. इटलीत सुमारे सातशे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ऑस्टिओपॅथीचा मोठा अभ्यास झाला. २०१५ च्या त्या अहवालात उपचार मिळालेली बाळं सरासरी चारेक दिवस आधी घरी गेली. तो उपचार केवळ कवटीपुरता नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नुसत्या नियमित स्पर्शाने वजन धरायला मदत होते हे टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडे टाळूवर तेल भरणारी, मांडीवर घेऊन बाळाचं अंग चोळणारी बाई मिनिटाला दहा ते चौदा लहरी मोजत नाही, आणि बाळ तरीही गाढ झोपतं. मला तर वाटतं, ऊबदार हात, शांत खोली आणि घाईत नसलेलं माणूस यांचं श्रेय इथे एका न दिसणाऱ्या लयीच्या खात्यावर जमा होत आलं आहे. आठ मिनिटांत रुग्ण उरकणाऱ्या डॉक्टरांनी यातून शिकावं असं बरंच आहे, हेही कबूल.

‘निदान अपाय तर नाही ना?’ हा शेवटचा बचाव. पाच ग्रॅमच्या दाबाने अपाय होत नाही. वेळ गेल्याने होतो. टाळू फुगलेली, ताप, सारख्या उलट्या, किंवा कवटीचा सांधा अकाली जुळून डोकं वेडंवाकडं वाढू लागलेलं, अशा बाळाला बालरोगतज्ज्ञाकडेच न्यायला हवं, तेही त्याच दिवशी. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथांची अधिकृत नोंदणी आली, म्हणून पाटीवरच्या पदवीने पालक निर्धास्त होतात. नोंदणी माणसाच्या शिक्षणाची आणि वागणुकीची हमी देते, कवटीतल्या लयीची देत नाही. अमेरिकेत तर ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर असतात, शस्त्रक्रियाही करतात. तिथल्याच मेन राज्यातल्या ऑस्टिओपॅथी महाविद्यालयात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवणाऱ्या हार्टमन आणि नॉर्टन यांनी २००२ मध्ये सगळे ताळमेळाचे अभ्यास एकत्र मांडले आणि हा विषय अभ्यासक्रमातून व परवाना परीक्षेतून काढून टाका, असं आपल्याच संस्थांना सांगितलं. अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथी महाविद्यालयांत तो अजून शिकवला जातो.