विकण्याआधी बॉनेट उघडा

सेकंडहँड गाडी दगा देऊ लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता हिच्यात आणखी पैसे ओतू नका, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. दुसरा म्हणतो, परवाच क्लच प्लेट टाकली, ते पैसे पाण्यात जातील. क्लच प्लेटचे पैसे गेले ते गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. विचारायचं एवढंच की पुढच्या वर्षभरात ही गाडी किती खर्च मागेल. त्याचं उत्तर बॉनेटखाली असतं आणि ते शोधून काढणाऱ्या माणसाची मजुरी द्यायला आपण फार कुरकुरतो.

आमची पेट्रोल हॅचबॅक सपाट रस्त्यावर निमूट चालायची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीची चढण लागली आणि एसी चालू असला की तापमानाचा काटा वर सरकायचा. कूलंटची बाटलीही अधूनमधून खाली गेलेली दिसायची. दोघातिघांनी फोनवरच निदान केलं, ‘हेड गॅस्केट गेलं.’ म्हणजे इंजिन उघडायचं, हेड उतरवून लेथवर फेसिंग मारायचं. या दोन शब्दांच्या धास्तीनंच कितीतरी गाड्या शोरूमच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

आमचे मिस्त्री म्हणाले, “ताई, गाडी रात्रभर इथंच राहू द्या. गरम इंजिनावर मी काही सांगणार नाही.”

सकाळी थंड इंजिनावर त्यांनी आधी ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर तिथे दुधाळ साय दिसली असती; तशी नव्हती. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंगही नव्हता. मग घड्याळ लावलेला छोटा हातपंप त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि दाब कॅपवर छापलेल्या आकड्यापर्यंत, सुमारे एक बारपर्यंत नेला. त्यानंतर फक्त बघत बसायचं होतं. काटा खाली येऊ लागला, अगदी सावकाश. पाणी कुठून तरी जात होतं. ते बाहेर जातंय की आत सिलिंडरमध्ये, यावर सगळा खर्च ठरणार होता.

मिस्त्रींनी टॉर्च घेऊन एकेक होज पाइप आणि त्याचा क्लॅम्प बोटांनी चाचपला. शेवटी वॉटर पंपाखाली हिरवट वाळका डाग सापडला. पंपाच्या शाफ्टजवळ एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, यासाठी. दाब दिल्यावर त्या भोकापाशी थेंब धरू लागला.

इथे दुसरा कुणी काम संपलं म्हणाला असता. यांनी चारही स्पार्क प्लग काढले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. आमचे चारही सारखेच तपकिरी होते. मग कॉम्प्रेशन गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर फिरवला. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडले तर मधल्या गॅस्केटचा संशय पक्का होतो. आमचे आकडे जवळजवळ सारखे आले. शेवटी फॅन. हलका वेग चालत होता, जोराचा मिळत नव्हता. त्याचा रिले गेला होता. चढणीवर गाडीचा वेग कमी, वारा कमी, वर एसीचा भार, तिथेच तो जोराचा वेग लागतो. घाटाचं कोडं असं सुटलं. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा, म्हणून बेल्ट आणि टेन्शनरही त्याच कामात बदलले. सामान पुण्याच्या नाना पेठेतून आलं.

एकीकडे शोरूममध्ये किंमत काढून घेतलीच होती. तिथल्या माणसानं पत्र्यावर मीटर टेकवून रंगाची जाडी पाहिली, कारण पुट्टी भरलेली असेल तर आकडा लगेच चढतो. दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधल्या. टायरवरचे चार आकडे वाचले. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इंजिन सुरू करून बंद केलं. त्याचा भाव मॉडेलचं वर्ष, मालकांची संख्या, किलोमीटर आणि अपघात यांवर ठरतो. दुरुस्तीवर घातलेले पैसे त्या भावात फारसे दिसत नाहीत. म्हणून एक्स्चेंजला द्यायच्या गाडीवर आधी मोठा खर्च करू नये. आणि नव्या गाडीचा भाव आधी एक्स्चेंजशिवाय विचारावा, नाहीतर बोनस म्हणून दिलेले पैसे सवलतीतून वळते झालेले कळतही नाहीत.

हिशेब सरळ आहे. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता सुमारे १२,४५० रुपये. एकूण व्याज दीड लाखाच्या आसपास. आमचं सगळं काम दोन हप्त्यांपेक्षा कमी पैशांत झालं. गाडी ठेवली.

पण प्रत्येक गाडी ठेवण्याच्या लायकीची नसते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीत वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडतात. आज हॉर्न, उद्या खिडकी, परवा स्टार्टर, बिघाड जागा बदलत राहतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, तळाशी गाळाची रेघ दिसेल. सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. चॅसिसला गंज लागलेली गाडीही अशीच. हिच्यात पैसे घालू नयेत, आणि विकताना खरं सांगावं, कारण ती पुढे कुणाचं तरी कुटुंब घेऊन घाटात जाणार असते.

विकायचंच ठरलं तर नाव बदलेपर्यंत काम संपलं असं समजू नका. गाडी दिली, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. खासगी गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर पूर्ण झाल्याचं स्वतः तपासा. विक्रेत्याला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र आहे का, ते मागून पाहा. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी सोपवताना फॉर्म २९ सी ऑनलाइन भरावा लागतो, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. त्याची पोच हातात आल्याशिवाय किल्ली सोडू नका.